दोन शिटा कमी

श्रावणातली संध्याकाळ, गारगोटी-कोल्हापूर रस्त्यावरचा मुदाळ तिट्टा. कोल्हापूरकडं जाणारी एसटी नुकतीच येऊन गेली होती आणि पुढची कधी येईल हे कुणालाच सांगता येत नव्हतं. वडापच्या, म्हणजे शिटा भरल्या की सुटणाऱ्या खासगी ट्रॅक्स गाडीत आम्ही आठ जण बसून होतो. काचेवरून पाणी ओघळत होतं, आत ओल्या छत्र्यांचा आणि डिझेलचा वास, मागच्या बाकावर कुणाची तरी कोंबडी पिशवीत कुरकुरत होती. ड्रायव्हर बाहेर पत्र्याच्या आडोशाला तंबाखू मळत उभा. "दोनच शिटा कमी हाईत, आली की निघालोच," हे तो दर पाच मिनिटांनी सांगत होता. शेवटी पुढं बसलेला एक पोरगा वैतागला. "दोन शिटांचं १२० रुपये हुत्यात. आठ जणांत माणशी १५. आमी देतो, सोड गाडी." सगळ्यांनी माना हलवल्या. खिशातून, पर्समधून नोटा निघाल्या. माझ्या शेजारच्या आजींनी मात्र कमरेची चंची चाचपली, पुन्हा खोचली आणि म्हणाल्या, "मला न्हाई जमायचं." लगेच दोघंतिघं म्हणाले, "आजी, तुमचं राहू दे की. आमी भरतो." आजींनी त्यांच्याकडं पाहिलंही नाही. मांडीवरची तांदळाची पिशवी उचलली, वर ठेवलेली अळूची पानं नीट केली आणि खाली उतरल्या. "मी मागल्या गाडीनं येतो," एवढंच.

गाडी निघाली. बिद्रीजवळ रस्त्याकडेला हात करून तिघं चढले. ड्रायव्हरनं त्यांच्याकडून पुरं भाडं घेतलं आणि आमचे ज्यादाचे पैसे परत मागायचं कुणाच्या मनात आलं नाही. कारखान्याजवळ मळीचा तो आंबूस वास आला. पोरगा मोबाईलमध्ये डोकं घालून बसला. मी मात्र घरी पोचेपर्यंत आजींचाच विचार करत राहिले. त्यांना पंधरा रुपये द्यायचे नव्हते हे कळत होतं. पण कुणी देतंय तर घ्यायचेही नव्हते, आणि त्यापायी त्या अंधारात, पावसात, पुढच्या गाडीचा भरवसा नसताना उतरल्या. हे मात्र नीट उलगडत नव्हतं.

वडापचा हिशेब लहानपणापासून बघत आलेय. गाडी भरली की सुटते, बस्स. वेळापत्रक नाही, तिकीट नाही, शिटांवर भाडं वाटलं जातं म्हणून परवडतं. आमच्या वडिलांबरोबर गावी जाताना जीप असायची, आणि तिच्यात ड्रायव्हरच्या उजव्या बाजूलाही एक माणूस बसवलेला असायचा. ड्रायव्हर तिरका बसून गाडी चालवायचा. मला ते भारी वाटायचं. मागं समोरासमोरचे बाक, मधे दुधाच्या किटल्या, पेंडीचं पोतं, टपावर सायकल. वडील नेहमी अर्धी भरलेली गाडी शोधायचे. रिकाम्या गाडीत पहिल्यांदा बसायचं नाही हा त्यांचा नियम. मला वाटायचं चांगली जागा मिळते तर पहिल्यांदा का नाही बसायचं? मोठी झाल्यावर कळलं. भाडं सगळ्यांचं सारखं असलं तरी पहिला येऊन बसतो तो तासभर देतो आणि शेवटचा येतो तो काहीच देत नाही. वडाप स्वस्त असतं ते या पहिल्या माणसाच्या तासामुळं. आणि हा पहिला माणूस बहुधा कोण असतो? ज्याला घाई करायची सोय नाही तो. दवाखान्यातून परत निघालेली बाई, बाजार उठल्यावर उरलेल्या टोपल्या घेऊन बसलेला म्हातारा. ज्यांच्या तासाला कुणी किंमत लावत नाही तेच गाडी भरायच्या कामी येतात.

वर्तमानपत्रात याला अवैध प्रवासी वाहतूक म्हणतात. टप्प्याटप्प्यानं प्रवासी घ्यायचा हक्क एसटीचा, आणि बसस्थानकापासून २०० मीटरच्या आत खासगी गाडीनं प्रवासी भरायचे नाहीत असा नियम. अधूनमधून कारवाई होते, चार दिवस गाड्या पलीकडच्या गल्लीत उभ्या राहतात, मग हळूहळू पूर्वीच्या जागी येतात. पण २०२१च्या दिवाळीच्या सुमाराला एसटीचा संप सुरू झाला, पुढं एप्रिल २०२२ पर्यंत रेंगाळला, तेव्हा सरकारनंच खासगी बसना, स्कूल बसना प्रवासी न्यायला परवानगी दिली. ते महिने ज्यांनी खेड्यापाड्यांत काढलेत त्यांना वडापबद्दल सरसकट वाईट बोलता येणार नाही. परीक्षेला जाणारी पोरं, डायलिसिसचे पेशंट, सगळे त्याच गाड्यांत. भाडंही वाढलं होतं हे खरं. अडल्याचा फायदा घेणारे होते, आणि अडलेल्याला रात्री घरापर्यंत सोडणारेही होते. बऱ्याचदा माणूस एकच.

मग १७ मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट झालं. त्याआधी ऑगस्ट २०२२ मध्ये पंचाहत्तरी पूर्ण केलेल्यांना प्रवास मोफत झाला होता. त्यानंतर आमच्या मार्गावरचं वडाप बघता बघता पुरुषांचं झालं. बायका स्टँडवर थांबायला लागल्या, उभ्यानं का होईना पण एसटीनंच जायला लागल्या. २५ जानेवारी २०२५ ला भाडं १४.९५ टक्क्यांनी वाढलं तरी अर्ध्या तिकिटामुळं बाईला ते सोसतं. एका वडापवाल्यानं मला कळवळून सांगितलं होतं, "मॅडम, आमचं निम्मं शीट तिकडं गेलं." त्याचं दुःख मला कळतं. पण एसटीत कंडक्टरकडून अर्धं तिकीट घेणाऱ्या बाईचा चेहरा बघा. ती मान खाली घालत नाही. सुट्ट्या पैशांवरून भांडते, खिडकी उघडायला सांगते, स्टॉप नसला तरी "हितंच थांबवा" म्हणून आवाज देते. सवलत असली तरी तिच्या हातात तिकीट असतं.

आता आमच्या गाडीबद्दल.

माझी नोकरी गारगोटीला, राहते कोल्हापुरात. अंतर ५० किलोमीटरच्या आसपास. तालुक्याच्या गावी नोकरी करणारे आमच्यासारखे अप-डाउनवाले शेकड्यांनी आहेत. शिक्षक, बँकवाले, तलाठी कार्यालयातले, दवाखान्यातल्या सिस्टर. सकाळी कोल्हापूरच्या वेशीवर, कळंब्याच्या नाक्यावर उभं राहिलं तर पाच-पाच जणांच्या या गाड्या ओळखू येतात. मागच्या काचेशी डब्यांच्या पिशव्या, पुढं बसलेला माणूस फोनवर, मागचे अर्धवट झोपेत. एकटीनं रोज गाडी काढायची तर जाऊन-येऊन १०० किलोमीटर, सहाएक लिटर पेट्रोल, म्हणजे दिवसाला ६०० रुपयांच्या वर. महिन्याला १५ हजार नुसते रस्त्यावर. चौघांत वाटले तर माणशी दीडशे. एसटीचं अर्धं तिकीट याहूनही स्वस्त पडतं, आणि वेळ जुळली तर मी अजूनही एसटीनं जाते. पण सकाळची एक गाडी चुकली की पुढची मला पाऊण तास उशिरा पोचवते, आणि संध्याकाळी मार्च महिन्याच्या कामात सात वाजले तर विचारायलाच नको. म्हणून गाडी. आमच्याबरोबर येणाऱ्या एका सरांची गाडी, ते चालवतात; आम्ही तिघं पेट्रोलचे पैसे देतो आणि सरही स्वतःचा चौथा वाटा धरतात.

हे ऐकायला सोपं वाटतं. प्रत्यक्षात पहिल्याच महिन्यात प्रश्न आला की रजेवर असलेल्यानं वाटा द्यायचा की नाही. एक जण आला नाही म्हणून गाडी कमी पेट्रोल पीत नाही. पण न आलेल्यानं का भरायचं? मागच्या सीटवरच्या मॅडम म्हणाल्या, जो येईल त्यानंच द्यायचं, त्या दिवशी तिघांत वाटून घेऊ. तसं ठरलं. मग तिघांचा वाटा दोनशेवर गेला की कुणाच्या तरी कपाळावर आठी. पुढं टायर बदलायची वेळ आली. गाडी सरांची, टायर सरांचे, पण झिजले कुणामुळं? विमा, सर्व्हिसिंग, घाटासारख्या त्या खड्ड्यांतून गेलेलं सस्पेन्शन, यातलं काहीच पेट्रोलच्या आकड्यात येत नाही. सर स्वतः कधी बोलले नाहीत. त्यांच्या मिसेस एकदा हळदीकुंकवाला भेटल्या तेव्हा हसत म्हणाल्या, "आमची गाडी काय, सरकारीच झालीय." त्या दिवसापासून आम्ही किलोमीटरमागं थोडे जास्त धरायला लागलो. पेट्रोल आणि वर देखभालीचे. वही केली. शंभर पानी, लाल कडेची, डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवलेली. तारीख, कोण कोण, किती भरलं. महिन्याच्या शेवटी सही. माझ्या घरच्यांना ती वही फार कोरडी वाटते. "रोज एकत्र जाता, डबा वाटून खाता आणि दीडशे रुपयांसाठी सह्या?" मला मात्र त्या वहीइतकी आपुलकीची वस्तू त्या गाडीत दुसरी दिसत नाही.

का, ते सांगते. मधे माझं एक ऑपरेशन झालं. तीन आठवडे रजा, मग परत कामावर. त्या महिन्यात सरांनी माझ्याकडून पैसे घेतले नाहीत. "राहू द्या मॅडम, तुमचा आधीच खर्च झालाय." त्यांनी अगदी मनापासून म्हटलं होतं, मी डोळ्यांत पाणी आणून हो म्हटलं. सर गाडी वेगात चालवतात. ऊस हंगामात समोरून ट्रॅक्टर, मागं दोन-दोन ट्रॉल्या, त्यांना लाल दिवा नसतो, चिंधीसुद्धा बांधलेली नसते, आणि सर ओव्हरटेक करायला जातात. एरवी मी स्पष्ट सांगते, "सर, सावकाश. पोचू की." ते हसून वेग कमी करतात. त्या महिन्यात प्रत्येक खड्ड्याला टाक्यांतून कळ यायची, दोन्ही हातांनी पोट धरून बसायची, पण माझ्या तोंडून "सावकाश" निघालं नाही. मला कुणी गप्प बसवलं नव्हतं. सर तर नक्कीच नाही, सांगितलं असतं तर त्यांनी गाडी थांबवली असती. पण फुकट बसलेय हे माझं मला माहीत होतं. खिडकी किती खाली करायची, एसी कमी कर म्हणायचं का, गाणं बदलायचं का, वाटेत कुठं दोन मिनिटं थांबा म्हणायचं का, प्रत्येक गोष्ट घशाशी येऊन परत जायची.

वाटेत थांबायचं हे तर बायकांनाच कळेल. ५० किलोमीटरच्या रस्त्यावर स्वच्छ स्वच्छतागृह असलेली जागा एखाददुसरी, तीही एखाद्या पेट्रोल पंपावर, चावी मागून घ्यायची. पुरुष कुठंही उतरतात. आम्ही दोघी सकाळी पाणी पीत नाही. एका पुरुषाच्या गाडीत बसून "पंपावर थांबवा" म्हणायला किती धीर लागतो हे त्यातल्या पुरुषाला कधीच कळत नाही, त्याचा दोषही नाही. पण ज्या दिवशी वहीत माझ्या नावापुढं पैसे मांडलेले असतात त्या दिवशी मी म्हणू शकते. पुढच्या महिन्याची पहिली तारीख आली तेव्हा मी आदल्या महिन्याचे पैसेही पाकिटात घालून सरांच्या टेबलावर ठेवले. त्यांना वाईट वाटलं. मलाही वाटलं. दोन दिवस गाडीत थोडं अवघडलेपण होतं. तिसऱ्या दिवशी बिद्रीच्या पुढं मी म्हटलं, "सर, हळू," आणि सगळं पूर्वीसारखं झालं.

मुदाळ तिट्ट्यावरच्या आजी मला तेव्हा कळल्या असं वाटतं. ६० रुपये भाडं त्यांच्या चंचीत मोजून ठेवलेलं होतं. त्या ६० रुपयांवर त्या आमच्या इतक्याच हक्कानं खिडकीशी बसल्या होत्या, थोड्या वेळापूर्वीच त्यांनी पोराला दटावून दार लावून घ्यायला सांगितलं होतं. आम्ही त्यांचे पंधरा भरले असते तर कळंब्यापर्यंत त्या आमच्या उपकाराच्या जागेवर बसल्या असत्या. आमच्यापैकी कुणीतरी "आजी, पिशवी जरा पायाशी घ्या" म्हटलं असतं आणि त्यांना घ्यावी लागली असती. घाई त्यांची नव्हतीच. घाई आमची, ती भागवायची किंमत आमची, मग आम्ही सातांनीच १२० वाटून घ्यायचे होते, आजींना विचारायचंच नव्हतं. माणशी दोन रुपये जास्त पडले असते. "आजी, तुमचं राहू दे" असं मोठ्यानं म्हटलं की ती मदत राहत नाही, चारचौघांतली घोषणा होते. त्यांचं चुकलं असं मला क्षणभरही वाटत नाही.

पावसाळ्यात रोपलावणीच्या दिवसांत याच रस्त्यावर छोट्या टेम्पोंतून बायका जाताना दिसतात. डोक्यावर प्लॅस्टिकची खोळ, हौद्यात उभ्या, एकमेकींचे दंड धरून. त्यांचं येण्याजाण्याचं भाडं पुष्कळदा मालक देतो, कारण मजूर मिळत नाहीत. बाया ते मजुरीच्या बोलणीतच पक्कं करून घेतात: हजेरी इतकी आणि गाडीभाडं तुमच्याकडं. आमच्या घरी काम करणाऱ्या मावशी पूर्वी अशा टोळीत जायच्या. त्यांनी सांगितलं की एका मालकानं हजेरीतूनच भाडं कापायला सुरुवात केली तेव्हा सगळ्या बायकांनी दुसऱ्या दिवसापासून त्याच्याकडं जायचंच बंद केलं. "भाड्याचं काय न्हवं वो ताई," त्या म्हणाल्या, "पर बोलून ठरल्यालं बदलायचं न्हाई." वाटणी कशीही असो, आधी बोलून ठरलेली असली पाहिजे. त्या हौद्यात उभ्या बायांचा जीव किती स्वस्तात चाललाय हे दिसल्यावर मात्र माझ्या पोटात कालवतं. माल वाहायच्या गाडीत माणसं न्यायची नाहीत हा कायदा आहे, आणि शेताकडं सकाळी सातला जाणारी एसटी नाही ही वस्तुस्थिती आहे. गाडी उलटल्याची बातमी येते, दोन दिवस चर्चा होते, तिसऱ्या दिवशी रोप वाळू नये म्हणून टेम्पो निघतो.

गेल्या जूनपासून आमच्या गाडीत पाचवा माणूस आलाय. आमच्याच ऑफिसात कंत्राटी लागलेला मुलगा, इस्पुर्लीला चढतो. पगार आमच्या चौथाईसुद्धा नाही. पहिल्या दिवशी पैशांचं बोलणं निघण्याआधीच तो म्हणाला, "मॅडम, मी रविवारी सरांची गाडी धुऊन देत जाईन." मागच्या मॅडम इतक्या चिडल्या की मला आश्चर्य वाटलं. "तू ऑफिसात काम करायला आलायस, गाडी धुवायला नाही," असं म्हणून त्यांनी वही काढली. सर म्हणाले, पोराकडून काय घ्यायचे, बसू दे. मी म्हटलं, घ्यायचे. बराच वेळ वाद झाला, मुलगा खाली बघत बसलेला. शेवटी ठरलं की इस्पुर्ली ते गारगोटी एसटीला जेवढं पुरुषाचं तिकीट पडतं तेवढंच त्यानं द्यायचं. तसंही त्याला तेवढे लागणारच होते. रोजच्या रोज, आमच्यासारखंच वहीत, स्वतःच्या अक्षरात. आमचा वाटा त्यानं थोडा कमी झाला, त्याचा एसटीची वाट बघायचा वेळ वाचला. आठवडाभर तो दाराला चिकटून, गुडघे आवळून बसायचा. मग एका सकाळी त्यानं सरांना सांगितलं की गाणी फार मोठ्यानं लागतात, आणि सरांनी आवाज कमी केला.

आता प्रश्न असा आहे की पेट्रोल वाढलं, आमचा वाटा वाढला, तर त्याचाही वाढवायचा का. मागच्या मॅडमचं म्हणणं, वाढवायचा, नाहीतर उद्या त्यालाच ओशाळं वाटेल. माझं म्हणणं, एसटीचं तिकीट वाढेल तेव्हाच त्याचं वाढवायचं, कारण ठरलंय तसं. सर दोघींनाही हो म्हणतात. परवा यावरून कळंब्यापासून मुदाळ तिट्ट्यापर्यंत आम्ही वाद घातला आणि मुलगा मधेच म्हणाला, "मला बी इचारा की." त्याला विचारायचं आमच्या लक्षातच आलं नव्हतं. तो सोमवारी सांगणार आहे.